आधी ऐका, मोजा, मग बिघडली म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागातल्या मराठीविषयी आपल्या पत्रव्यवहारात सध्या चर्चा चालू आहे. बेळगावची मराठी कन्नडने बिघडवली, नव्या पिढीला धड वाक्य जुळवता येत नाही, आणि फ्रान्सने जशी अकादमी नेमून आपली भाषा शुद्ध ठेवली तशी व्यवस्था इथेही हवी, असा बहुतेक पत्रांचा सूर आहे. त्यामागची तळमळ आम्हाला समजते. जमिनीच्या उताऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत सगळे दुसऱ्या भाषेत वाचावे लागते, तिथे माणूस भाषेबाबत हळवा असणारच. पण फ्रान्सचा दाखला इथे लागू पडत नाही. फ्रेंचच्या अभ्यासातून आपल्याला घेण्यासारखे जे आहे ते वेगळेच आहे.

फ्रेंच अकादमी १६३५ साली कार्डिनल रिशल्यूने स्थापली. तिचे सदस्य ४०. पहिला शब्दकोश १६९४ मध्ये आला, नववी आवृत्ती २०२४ मध्ये पुरी झाली. तिच्या शिफारशी कायद्याने कोणावर बंधनकारक नाहीत. आणि या जवळजवळ चारशे वर्षांत फ्रेंच बोलणे बदलायचे थांबले नाही.

नकाराचेच घ्या. जुन्या फ्रेंचमध्ये क्रियापदाआधी नुसता ‘न’ लावला की नकार होई. पुढे त्याला जोर यावा म्हणून मागे एक नाम येऊ लागले. चालण्याच्या गोष्टीत ‘पा’ म्हणजे पाऊल, खाण्याच्या गोष्टीत ‘मी’ म्हणजे पावाचा चुरा, पिण्याच्या गोष्टीत ‘गूत’ म्हणजे थेंब. आपण ‘तिळभर नाही’, ‘कणभर नाही’ म्हणतो तसेच. त्यातले ‘पा’ टिकले, पावलाचा अर्थ गळून पडला आणि ‘न’ व ‘पा’ ही जोडीच नकाराची खूण झाली. ‘मला माहीत नाही’ हे पुस्तकात ‘ज न से पा’ असे लिहितात. रस्त्यावर ऐकू येते ते ‘ज से पा’, घाईत नुसते ‘शे पा’. मूळचा नकार निघून गेला आणि पाऊल नकार होऊन बसले! हे चक्र अनेक भाषांत कसे फिरते ते डेन्मार्कच्या ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्ये दाखवले, आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

हा ‘न’ किती गळतो याचे उत्तर अंदाजाने दिलेले नाही. तूर शहराच्या परिसरातली फ्रेंच सर्वांत शुद्ध अशी फ्रान्समध्ये ख्याती आहे, आपल्याकडे पुण्याची आहे तशी. त्याच तूरमध्ये विल्यम ॲशबी यांनी १९७६ मध्ये लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. ‘न’ जिथे येऊ शकत होता अशा जागांपैकी सुमारे ३७ टक्के जागीच तो आला होता. १९९५ मध्ये ते पुन्हा त्याच शहरात गेले, तेव्हा प्रमाण १८ टक्क्यांवर आले होते. कॅनडात माँट्रियलच्या १९७१ च्या मुद्रणांत तर तो अर्धा टक्काच सापडला.

‘जिथे येऊ शकत होता अशा जागांपैकी’ हे शब्द वाचकांनी नीट पाहावेत. सगळे काम त्यांच्यावर उभे आहे. किती वेळा गळला एवढे मोजून काहीच कळत नाही, कारण जो जास्त बोलेल तो जास्त वेळा गाळेल. आधी सगळ्या नकारी वाक्यांची मोजणी, मग त्यातली गळतीची. शिवाय काही वाक्ये मोजणीतून बाहेरच काढावी लागतात. ‘आपल्याकडे नाही’ या अर्थाचे फ्रेंच वाक्य ‘न’ धरून म्हटले तरी ‘ऑं ना पा’, ‘न’ गाळून म्हटले तरी ‘ऑं ना पा’, कारण ‘ऑं’ या सर्वनामापुढे स्वर आला की मध्ये ‘न’चा उच्चार आपोआप होतो. कान कितीही तयार असला तरी इथे निकाल देता येत नाही. असे वाक्य कोणत्याही बाजूला टाकले की आकडा खोटा पडतो. क्लेर ब्लाँश-बँव्हनिस्त यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हाँस शहरात बोलल्या जाणाऱ्या फ्रेंचचे मोठे काम उभे केले. लिहून काढणारा माणूस जे वाजले ते ऐकत नाही, जे अपेक्षित आहे ते ऐकतो, हे त्या परोपरीने सांगत. शिकलेला माणूस नसलेला ‘न’सुद्धा ऐकतो.

आता आपल्याकडे येऊ. बेळगाव-निपाणीकडे ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी काम केलो’, ‘मी त्याला सांगितलो’ असे सर्रास ऐकू येते. प्रमाण मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’. एका ठिकाणी क्रियापद भाकरीकडे बघते, दुसऱ्या ठिकाणी बोलणाऱ्याकडे. ‘नानु रोट्टी तिंदे’ या कन्नड वाक्यातही क्रियापद बोलणाऱ्याकडे बघते, म्हणून ‘हे कन्नडमुळे झाले’ हा निष्कर्ष तोंडावर तयारच असतो. तो बरोबर असूही शकेल. पण तपासल्याशिवाय तो मानायचे कारण नाही, आणि तपासायची पद्धत फ्रेंचच्या अभ्यासकांनी घालून दिली आहे.

आधी हे पाहा की फ्रेंचमध्येही अगदी हीच ओढाताण चालू आहे. लॅटिनमध्ये ‘माझ्याकडे पत्रे लिहिलेली आहेत’ अशी रचना होती. तिच्यातून ‘मी पत्रे लिहिली’ हा फ्रेंच भूतकाळ निघाला, म्हणून ‘लिहिलेली’ हे धातुसाधित पत्रांशी जुळे. पुढे बोलणाऱ्यांच्या मनात ‘मी’ हाच कर्ता पक्का झाला आणि पत्रांशी असलेले नाते सैल पडले. आज नियम असा उरला आहे की कर्म आधी आले तर जुळवायचे, नंतर आले तर नाही. ‘मी लिहिलेली पत्रे’ म्हणताना ‘ले लेत्र क जे एक्रीत’, आणि ‘मी पत्रे लिहिली’ म्हणताना नुसते ‘एक्री’. हा नियम १५३८ मध्ये क्लेमाँ मारो या कवीने इटालियनकडे बोट दाखवून पद्यात सांगितला. शाळेत तो घोकून घेतात, तरी बोलण्यात चांगली शिकलेली माणसेही तो सोडतात. मोजताना इथेही तीच अडचण येते. ‘एक्री’ आणि ‘एक्रीत’ यांत कानाला फरक कळतो, पण ‘मांजे’ म्हणजे ‘खाल्ले’ यासारख्या बहुसंख्य धातुसाधितांत जुळवणी फक्त कागदावर दिसते. जी ऐकूच येत नाही ती मोजायची नाही.

मराठीची हकीकत याच्या शेजारी ठेवा. संस्कृतात ‘मया रोटिका खादिता’, म्हणजे ‘माझ्याकडून भाकरी खाल्ली गेली’. जुन्या मराठीत हा ‘मया’ ‘म्यां’ होऊन टिकला होता. ‘म्यां केले’, ‘त्वां केले’ ही रूपे जुने वाङ्मय वाचणाऱ्याला परिचित आहेत. पुढे ‘म्यां’चा ‘मी’ झाला, ‘त्वां’चा ‘तू’ झाला आणि तृतीया डोळ्यांना दिसेनाशी झाली. ‘त्याने’, ‘तिने’ मध्ये ती अजून स्पष्ट आहे. म्हणजे प्रमाण मराठीतच ‘मी’ आणि ‘तू’ साध्या कर्त्यासारखे दिसू लागले आहेत. इतकेच नाही, ‘तू भाकरी खाल्लीस’ या पूर्ण शुद्ध वाक्यात ‘ली’ भाकरीची आणि शेवटचा ‘स’ ‘तू’चा आहे! पुण्याच्या पाठ्यपुस्तकातही क्रियापद दोन्हीकडे बघते आहे. शिवाय ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरलो’, ‘मी पाणी प्यायलो’ ही वाक्ये कोणी अशुद्ध म्हणत नाही, आणि त्या सगळ्यांत क्रियापद बोलणाऱ्याचे आहे. ‘खाल्लो’चे बी मराठीच्या मातीत आधीपासून होते. ते कन्नडच्या पाण्यावर वाढले की आपल्याच पाण्यावर, एवढाच प्रश्न आहे.

कॅनडात ओटावा आणि हल (आता गातिनो शहराचा भाग) ही शहरे नदीच्या दोन काठांवर आहेत. एक इंग्रजी बहुसंख्य असलेल्या ओंटारिओ प्रांतात, दुसरे फ्रेंच बहुसंख्य असलेल्या क्वेबेकमध्ये. सीमाभागातल्या माणसाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शाना पॉपलॅक यांनी पाच वस्त्यांतून १२० फ्रेंच भाषकांचे बोलणे मुद्रित केले. तिथले लोक ‘ज्या मुलीबरोबर मी फिरतो’ हे ‘ला फीय क ज सोर आवेक’ असे म्हणतात, ‘बरोबर’ हा शब्द वाक्याच्या शेवटी लोंबता ठेवून. इंग्रजीत तसेच म्हणतात, म्हणून सगळ्यांनी खापर इंग्रजीवर फोडले होते. पॉपलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक वाक्य तपासले. ‘आवेक’सारखे वजनदार शब्द शेवटी येत होते, पण ‘आ’ आणि ‘द’ हे फ्रेंचमधले सर्वांत जास्त वापरले जाणारे शब्दयोगी तसे येत नव्हते. इंग्रजी तर आपले असले हलके शब्द बिनदिक्कत शेवटी सोडते. म्हणजे वरून सारखे दिसणारे वाक्य आतून इंग्रजीचा नियम पाळत नव्हते. फ्रेंचमध्ये आधीपासून जे शब्द वाक्याच्या अखेरीस एकटे उभे राहू शकत, तेच आता एका नव्या जागी उभे राहत होते.

हीच कसोटी ‘खाल्लो’ला लावता येते. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याकडे बघते ते पुरुष किंवा क्रियापद पाहून नव्हे, सरसकट. तेव्हा बेळगावच्या मराठीने कन्नडचा नियम उचलला असेल, तर ‘मी भाकरी खाल्लो’ इतक्याच सहजपणे ‘तो भाकरी खाल्ला’, ‘ती आंबा खाल्ली’ ही वाक्येही आली पाहिजेत, आणि सगळ्या क्रियापदांत सारखी. बदल मराठीच्या आतून येत असेल तर तो ‘मी’, ‘तू’मध्ये जास्त दिसेल, जिथे तृतीया आधीच बुजली आहे. ‘त्यानं’, ‘तिनं’ टिकून राहतील, आणि ‘शिकलो’, ‘विसरलो’च्या जवळची क्रियापदे आधी सरकतील. मग त्याच गावातले उत्तम कन्नड बोलणारे आणि कन्नड जेमतेम समजणारे असे दोन गट निराळे मोजायचे. कन्नडपासून दूर, कोकणाच्या अंगाचे एखादे गाव तुलनेला घ्यायचे. वेगवेगळी उत्तरे वेगवेगळ्या कारणांकडे बोट दाखवतात.

यात एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे मराठी, कन्नड, उर्दू यांची वाक्यरचना पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाराने इतकी जवळ आली होती की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. शब्द मात्र प्रत्येकीने आपले राखले होते. अशा गावात कन्नड न येणारा माणूस तुलनेला मिळतच नाही. निपाणी-चिकोडीच्या काही भागांत हेच होईल. तिथे लोकांचे गट पाडण्यापेक्षा वाक्यांचे प्रकार पाडण्यावर भर द्यावा लागेल.

भाषा खरोखर खंगते तेव्हा काय होते, तेही फ्रेंचच्याच अभ्यासातून कळते. रेमों मुजों आणि एदुआर बेनियाक यांनी ओंटारिओतल्या फ्रेंच शाळांतल्या मुलांची भाषा पाहिली. हॉक्सबरी या गावात फ्रेंच बहुसंख्य, तर पेम्ब्रोकमध्ये ते अगदी थोडे. ज्या मुलांना शाळेबाहेर फ्रेंच बोलायला मिळत नाही ती घरगुती, ओबडधोबड रूपे जास्त वापरत नाहीत. उलट ती रूपे त्यांच्या तोंडातून जातात. ‘बाबांच्या घरी’ यासाठी फ्रेंचमध्ये ‘शे’ हा एकच नेटका शब्द आहे. त्याच्या जागी ‘आ ला मेजों द’ असे इंग्रजी बेतावरचे लांबलचक बोलणे येते. अनेकवचनी कर्त्यापुढे ‘साव्ह’ म्हणजे ‘जाणतात’ यायला हवे, तिथे एकवचनी ‘से’ येते. म्हणजे धोक्याची खूण आजीच्या तोंडचे रांगडे रूप नव्हे. ते रूप नातवाला येईनासे झाले, ही खूण. बेळगावात ज्या मुलांची शाळा, खेळ आणि मोबाईल इंग्रजी किंवा कन्नडमध्ये आहे, ती ‘घोड्याला’ म्हणतात की ‘घोडाला’, ‘रस्त्यात’ म्हणतात की ‘रस्तात’, हे सामान्यरूप आधी तपासायला हवे. ‘खाल्लो’वर लाल रेघ मारण्यात शिक्षकांचा जो वेळ जातो तो इथे लागला तर बरे.

फ्रान्सने एके काळी उलटा मार्गही धरला होता. क्रांतीनंतर १७९० मध्ये आबे (म्हणजे पाद्री) ग्रेग्वार यांनी ४३ प्रश्नांचे पत्रक देशभर पाठवले आणि १७९४ मध्ये अहवाल दिला. राष्ट्रभाषा मुळीच न येणारे निदान ६० लाख, ती नीट बोलणारे ३० लाखांहून अधिक नाहीत, आणि म्हणून प्रादेशिक बोली नष्ट करायच्या. पुढे ब्रेतान्यसारख्या भागात शाळेत घरची भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी खडावासारखी वस्तू अडकवत. दुसरा कोणी सापडला की ती त्याच्या गळ्यात. हे वाचून बेळगावच्या मराठी माणसाच्या पोटात कालवेल. मग येळ्ळूरच्या आजीच्या मराठीला आपणच अशुद्ध म्हणायचे, हे आम्हाला पटत नाही.

त्याच फ्रान्सने शंभर वर्षांनी झ्यूल जिल्येरों यांचा भाषिक नकाशासंग्रह दिला. एदमों हे त्यांचे एकटे सहकारी १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी फिरले आणि लोकांची उत्तरे उच्चारानुसार टिपत गेले. त्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गास्कनीच्या एका पट्ट्यात उच्चार बदलत बदलत ‘कोंबडा’ आणि ‘मांजर’ दोन्ही ‘गात’ झाले. शेतकऱ्याच्या अंगणात हे चालणार कसे! त्या पट्ट्यात लोकांनी मांजराचे नाव तेच ठेवले आणि कोंबड्याला कुठे ‘उपपाद्री’ या अर्थाचा, कुठे रानकोंबड्याच्या जातीच्या पक्ष्याचा शब्द दिला. नकाशावर उच्चार बदलल्याची रेघ आणि नवा शब्द आल्याची रेघ एकमेकींवर बसतात. लोक आळसाने बोलत नाहीत, त्यांची भाषा आपली गरज भागवत असते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

तरी एदमों यांची पद्धत जशीच्या तशी उचलू नये. त्यांनी बहुधा प्रत्येक ठिकाणी एकाच माणसाला विचारले, आणि फ्रेंच शब्द किंवा वाक्य देऊन त्याचे बोलीत रूपांतर मागितले. नेपोलियनच्या काळात उधळ्या पुत्राची बायबलमधली गोष्ट जागोजागच्या बोलींत भाषांतर करून मागवली होती, आणि ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातही नमुन्यासाठी तीच गोष्ट होती. मराठीचा खंड १९०५ चा. भाषांतरातून शब्द मिळतात, व्याकरण मिळत नाही. ‘“मी भाकरी खाल्ली” हे तुमच्या बोलीत सांगा’ म्हटले की समोरचा ‘खाल्ली’च म्हणणार. ‘तुम्ही खाल्लो म्हणता का?’ असे विचारले तर ‘छे, आम्ही तसे बोलत नाही’ म्हणेल, आणि दोन मिनिटांनी म्हणेल.

म्हणून काम करायचे ते असे. सुरुवात एका गावापासून. तीन वयोगट, स्त्री-पुरुष दोन्ही, प्रत्येक कप्प्यात ४ जण, एकूण २४. प्रत्येकाचे तासभर बोलणे. फ्रेंचच्या उच्चारांचा १९९९ मध्ये सुरू झालेला मोठा प्रकल्प सगळीकडे एकच साचा वापरतो: ९४ शब्दांची यादी वाचणे, एक ठरावीक उतारा वाचणे, बेतलेली मुलाखत आणि मग ओळखीच्या माणसाशी मोकळ्या गप्पा. आपण वाचन शेवटी ठेवावे. आधी वाचायला दिले की माणूस शाळेत बसल्यासारखा होतो आणि गप्पांतही प्रमाण मराठी सोडत नाही. बोलते करणारा माणूस त्याच गावचा हवा. बाहेरच्या प्राध्यापकासमोर ‘करूलैस’ (म्हणजे ‘करतोयस’) तोंडातून निघत नाही.

भूतकाळ हवा असेल तर ‘रोज काय करता’ विचारू नये. २०१९ च्या पुरात घरातले काय काय हलवले, घरच्या लग्नात काय रांधले, गेल्या सुगीला भाताचे काय केले, असे विचारावे. ‘आणलो, बांधलो, दिलो’ आपोआप येतात. मोबाईल चालतो, पण मुद्रण दाबून लहान न केलेल्या डब्ल्यूएव्ही प्रकारात हवे. फोनवरच्या बोलण्याचे मुद्रण घेऊ नये. त्यात ‘स’सारखे तीक्ष्ण आवाज कापले जातात आणि ‘खाल्लीस’मधला शेवटचा ‘स’ गेला की नेमका पुरावाच गेला. कॉलरला लावायचा साधा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. पंखा बंद, आणि कुकरच्या शिट्टीची वेळ टाळावी.

बोलायच्या आधी समोरच्याला स्पष्ट सांगावे की ही जनगणना नाही, सीमाप्रश्नाच्या दाव्याशी याचा संबंध नाही, नाव कुठे छापले जाणार नाही आणि नको वाटले तर मुद्रण पुसून टाकू. आपल्या भागात हे न सांगता यंत्र पुढे ठेवले तर माणूस एक तर गप्प होतो किंवा भाषण देतो.

सर्वांत जास्त चुका लिहून काढताना होतात. ‘काय करतोयस’च्या जागी जे म्हणतात ते कोणी ‘करूलैस’, कोणी ‘करूलायस’, कोणी ‘करूलास’ लिहील, आणि संगणकात शोधताना ते तीन वेगळे शब्द होतील. आधी बसून एकच लेखन ठरवावे. त्याहून घातक गोष्ट म्हणजे ‘खाल्लं’ला लेखी वळणाने ‘खाल्ले’ करणे. या पत्रातही आम्ही ‘केले’ लिहीत आहोत, तोंडाने ‘केलं’ म्हणतो. पण इथे ‘मी केळं खाल्लं’ म्हटल्यास क्रियापद केळ्याचे, आणि बाईने ‘मी केळं खाल्ले’ म्हटल्यास क्रियापद तिचे. अनुस्वार खाल्ला की मोजणी संपली. हेच ‘ऑं ना पा’चे मराठी रूप. बाईच्या तोंडचे ‘मी आंबे खाल्ले’ तर मोजणीतून काढूनच टाकावे, कारण ते आंब्यांचेही असू शकते आणि तिचेही. ‘तो आंबा खाल्ला’ यातही शेवट दोन्ही बाजूंनी सारखाच, म्हणून तिथे फक्त ‘त्यानं’ की ‘तो’ एवढेच नोंदवावे. ‘मी मुलीला बघितलो’ अशी ‘ला’ची वाक्ये वेगळ्या रकान्यात, कारण त्यांत प्रमाण मराठीतही क्रियापद मुलीकडे बघत नाही. आपल्याकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात तो प्रकार निराळा आहे, तो स्वतंत्र मोजावा; नाहीतर ‘खाल्लो’मधले ‘लो’ कर्त्याकडे बघितल्याचे की स्त्रीलिंग सोडल्याचे, याचा गोंधळ होईल.

तासभराचे बोलणे लिहून काढायला १५ ते २० तास धरावेत. २४ तासांच्या मुद्रणाला साधारण ४०० तास. दोन विद्यार्थी रोज दोन-दोन तास बसले तर शंभर दिवस. दर दहा पानांतले एक पान दुसऱ्याने मूळ आवाज ऐकून पुन्हा लिहावे आणि दोन्ही ताडून पाहावे; जिथे दोघांचे जुळत नाही तिथे ऐकण्यात अपेक्षा शिरली आहे. आवाज आणि लेखन जोडून ठेवण्याची प्राट आणि एलान ही साधने फुकट मिळतात, जुन्या लॅपटॉपवरही चालतात. महाराष्ट्रातल्या मराठी बोलींचे सर्वेक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केले आहे. त्यांच्या नोंदींशी ताडता येईल अशाच पद्धतीने आपले रकाने आखावेत.

कडोली, येळ्ळूर, उचगाव इथे दरवर्षी साहित्य संमेलने भरतात, गावकरी वर्गणी काढून ती पार पाडतात. त्यांतल्या एका गावाने यंदा २४ माणसांचे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. मोजणी, रकाने आणि ऐकण्याचा सराव शिकवायला आम्ही विनामूल्य येऊ. प्रत्येक मुद्रणाची एक प्रत गावच्या वाचनालयात आणि एक गावाबाहेर असावी. सोबत कागदावर वय, शिक्षण, माहेर-सासर आणि येणाऱ्या भाषा लिहून ठेवाव्यात. ॲशबी यांना १९९५ मध्ये तूरला परत जाऊन ताडता आले ते १९७६ च्या फिती आणि नोंदी जागेवर होत्या म्हणून.

आपले,
फ्रेंच व मराठीचे काही अध्यापक,
टिळकवाडी, बेळगाव